एका चौथऱ्याची लोकवर्गणी

न्यूयॉर्कच्या बंदरातला लिबर्टीचा पुतळा फ्रान्सने अमेरिकेला भेट दिला, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तो पुतळा ज्या चौथऱ्यावर उभा आहे, तो मात्र भेट मिळालेला नाही. त्याचे काम पैशांअभावी अर्ध्यावर थांबले होते. ते पुरे करण्यासाठी १८८५ साली अमेरिकेतल्या एक लाखाहून अधिक माणसांनी वर्गणी दिली, आणि त्यातल्या बहुतेकांची वर्गणी एका डॉलरहूनही कमी होती. आज इंटरनेटवरून लोकांकडून पैसे गोळा करून शिल्पे, भित्तिचित्रे, पूल आणि स्मारके उभी केली जातात. त्या पद्धतीतल्या बहुतेक खुब्या आणि बहुतेक अडचणी या एका चौथऱ्याच्या कथेत आधीच येऊन गेल्या आहेत.

पुतळ्याची कल्पना एदुआर द लाबूले या फ्रेंच कायदेपंडिताची मानली जाते. अमेरिकेच्या राज्यघटनेचा त्यांचा गाढा अभ्यास होता आणि गुलामगिरीचे ते कट्टर विरोधक होते. अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. त्या सुमारास, स्वातंत्र्याचे एखादे स्मारक दोन्ही देशांतल्या लोकांनी मिळून उभारावे असा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. अल्सास प्रांतातल्या कोलमार गावचे शिल्पकार फ्रेदेरिक ओग्यूस्त बार्थोल्दी यांनी तो उचलून धरला. बार्थोल्दी १८७१ मध्ये अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कच्या बंदरात शिरताना प्रत्येक जहाजाला दिसणारे बेडलो नावाचे छोटे बेट त्यांनी पाहिले आणि जागा तिथेच मनाशी ठरवली. बेट अमेरिकी सरकारच्या मालकीचे होते. १८७७ मध्ये काँग्रेसने पुतळा स्वीकारण्याचा ठराव केला आणि जागेचा प्रश्न मिटला. पैशांची खरी ओढाताण सुरू होण्याच्या कितीतरी आधी जागा निश्चित झाली, हे या कामाचे मोठेच भाग्य. जागा पक्की नसताना वर्गणी गोळा केली तर काय होते, ते पुढे येईलच.

खर्चाची वाटणी साधी होती. पुतळा फ्रेंच जनतेने द्यायचा, चौथरा अमेरिकी जनतेने बांधायचा. पॅरिसमध्ये १८७५ साली ‘फ्रँको-अमेरिकन युनियन’ स्थापन झाली आणि निधी जमवायला सुरुवात झाली. सरकारच्या तिजोरीवर विसंबायचे नाही असे लाबूले आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे धोरण होते, म्हणून मार्गही नाना तऱ्हेचे शोधावे लागले. पॅरिसच्या ऑपेरागृहात संगीतकार शार्ल गुनो यांच्या खास रचनेचा कार्यक्रम झाला. पुतळ्याच्या छोट्या प्रतिकृती विकल्या. नगरपालिकांनी आपापल्या ठरावाने रकमा दिल्या, शाळकरी मुलांनी नाणी पाठवली, धातूच्या व्यापारातले उद्योगपती पिएर-युजेन सेक्रेतां यांनी तांबे दिले. शेवटी मोठी सोडत काढून उरलेली तूट भरून काढली.

यातली सगळ्यांत हुशारीची युक्ती बार्थोल्दींची होती. पुतळा पुरा व्हायला वर्षे लागणार होती, आणि जे डोळ्यांना दिसत नाही त्यासाठी लोक खिशात हात घालत नाहीत. म्हणून त्यांनी मशाल धरलेला हात आधी घडवला आणि १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात मांडला. ५० सेंट देऊन मशालीच्या सज्जात चढता येत असे. तोच हात नंतर न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअरमध्ये काही वर्षे उभा होता. १८७८ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात पुतळ्याचे मस्तक ठेवले गेले. लोक त्याच्या मुकुटाच्या खिडक्यांतून डोकावले, आणि कागदावरच्या आकड्यांना अर्थ आला.

घडणीचे कामही समजून घेण्यासारखे आहे, कारण पुढच्या दुरुस्तीचे मूळ त्यातच आहे. पुतळा ओतीव नाही. सुमारे अडीच मिलिमीटर जाडीचे तांब्याचे पत्रे लाकडी साच्यांवर ठोकून त्यांना आकार दिला आहे. पुण्याच्या तांबट आळीत पत्रा ठोकून भांडे घडवतात, तेच तंत्र इथे ४६ मीटर उंचीच्या आकृतीसाठी वापरले गेले. एवढे पातळ कवच स्वतःच्या बळावर उभे राहू शकत नाही. म्हणून आत लोखंडी सांगाडा उभारून पत्रे त्याला लवचीक पट्ट्यांनी जोडले. हा सांगाडा गुस्ताव्ह आयफेल आणि त्यांच्या कचेरीतले अभियंते मॉरिस केक्लँ यांनी आखला. पॅरिसमधला आयफेल टॉवर त्यानंतर काही वर्षांनी उभा राहिला. पूर्ण झालेला पुतळा ४ जुलै १८८४ रोजी पॅरिसमध्येच अमेरिकी राजदूतांच्या हवाली करण्यात आला.

अमेरिकेच्या बाजूने मात्र काम रखडले होते. विल्यम एव्हर्ट्स यांच्या नेतृत्वाखाली निधी जमवणारी समिती होती, तिच्यात वजनदार माणसे होती, पण पैसे येत नव्हते. १८७३ च्या मंदीने लोकांचे कंबरडे मोडले होते. देशाच्या इतर भागांत हे न्यूयॉर्कचे खासगी प्रकरण समजले जाई. भेट द्यायची तर चौथऱ्यासकट द्यावी, असे काही वर्तमानपत्रे लिहीत होती. यात आणखी एक गोष्ट होती, आणि ती प्रत्येक सार्वजनिक शिल्पाला लागू पडते. पुतळ्यासाठी पैसे मागणे सोपे, चौथऱ्यासाठी अवघड. पाया, भराव, दगड यांत कोणाला सौंदर्य दिसत नाही. प्रत्यक्षात मात्र कामाचा मोठा भाग तोच असतो. जुन्या फोर्ट वुड किल्ल्याच्या तारकाकृती तटबंदीत हजारो टन काँक्रीट ओतून पाया घालावा लागला. समितीने तोवर जमवलेला बहुतेक पैसा त्यातच गेला.

चौथऱ्याचा आराखडा रिचर्ड मॉरिस हंट या नामांकित वास्तुशिल्पीने केला. मिळालेले १,००० डॉलरचे मानधन त्यांनी निधीलाच परत दिले. पैसे कमी पडत असल्याने चौथऱ्याची उंची ११४ फुटांवरून ८९ फुटांवर आणावी लागली. डिसेंबर १८८३ मध्ये निधीसाठी कलावस्तूंचे प्रदर्शन भरले. कवयित्री एमा लॅझरस यांनी आपले प्रसिद्ध सुनीत त्यासाठीच लिहून दिले. आज त्या पुतळ्याचा अर्थ जगाला त्या चौदा ओळींतून कळतो, म्हणजे पुतळ्याला निर्वासितांची आई ही ओळखही एका निधिसंकलनातूनच मिळाली. पण पैशांचे गणित तेवढ्याने सुटले नाही. न्यूयॉर्क राज्याने मंजूर केलेल्या ५०,००० डॉलरवर गव्हर्नर ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी नकाराधिकार वापरला. काँग्रेसमध्येही मदतीचा प्रयत्न फसला. १८८५ च्या सुरुवातीला समितीच्या हाती जेमतेम ३,००० डॉलर उरले आणि गरज होती आणखी एक लाखाची. काम थांबले. खर्च आम्ही उचलतो, पुतळा आमच्याकडे द्या, अशी तयारी इतर शहरे दाखवू लागली.

या टप्प्यावर जोसेफ पुलित्झर पुढे आले. ते हंगेरीतून आलेले स्थलांतरित. १८६४ मध्ये यादवी युद्धात लढायला म्हणून अमेरिकेत उतरले, पुढे वार्ताहर झाले आणि १८८३ मध्ये त्यांनी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ हे वर्तमानपत्र विकत घेतले. १६ मार्च १८८५ रोजी त्यांनी आपल्या पत्रातून आवाहन केले. त्यांचा मुद्दा सरळ होता. हा पुतळा फ्रान्सच्या लक्षाधीशांनी अमेरिकेच्या लक्षाधीशांना दिलेला नाही, तो तिथल्या कामकऱ्यांनी, दुकानदारांनी, कारागिरांनी इथल्या तशाच माणसांना दिला आहे. तेव्हा लक्षाधीशांची वाट पाहत बसायचे कारण नाही. आणि त्यांनी एक वचन दिले: देणगी कितीही लहान असो, प्रत्येक देणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात छापले जाईल.

या वचनाने चमत्कार केला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही. त्या काळात वर्तमानपत्रात सामान्य माणसाचे नाव यायचे ते अपघातात किंवा खटल्यात. इथे दहा सेंट देणाऱ्या मजुराचे नाव शंभर डॉलर देणाऱ्या व्यापाऱ्याच्या नावाशेजारी छापून येत होते. नुसती नावेच नाहीत, देणगीबरोबर आलेली पत्रेही ‘वर्ल्ड’ छापत असे. सर्कशीसाठी साठवलेली नाणी मुलांनी पाठवली. एका एकट्या मुलीने मन मारून वाचवलेले ६० सेंट पाठवले. आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्टच्या एका बालवर्गाने १ डॉलर ३५ सेंट पाठवले. आयोवा न्यूयॉर्कच्या बंदरापासून शेकडो मैल दूर आहे, तेव्हा हे न्यूयॉर्कचे खासगी प्रकरण उरले नव्हते. कालपर्यंत किती जमले, आज किती आले आणि अजून किती हवे, हे लोकांना रोजच्या अंकात कळत होते. हिशेब उघडा असला की देणाऱ्याला आपल्या दहा सेंटांनी आकडा हलताना दिसतो, आणि तो शेजाऱ्यालाही द्यायला लावतो.

दरम्यान अमेरिकन समितीनेही आपल्या परीने मार्ग काढला होता. एक डॉलर देणाऱ्याला सहा इंचांची आणि पाच डॉलर देणाऱ्याला बारा इंचांची पुतळ्याची प्रतिकृती घरी मिळत असे. आजच्या क्राउडफंडिंगच्या संकेतस्थळांवर अमुक रकमेला अमुक भेटवस्तू अशी जी पायऱ्यांची यादी दिसते, तिचा हा पूर्वज.

जून १८८५ मध्ये ‘इझेर’ हे फ्रेंच जहाज सुटे केलेले पुतळ्याचे सुमारे ३५० भाग २१४ खोक्यांत भरून न्यूयॉर्कला पोहोचले. चौथरा तयार नसल्याने खोकी बेटावर पडून राहिली. पाहुणा दारात आणि घर अपुरे, या चित्राने मोहिमेला आणखी जोर आला. ११ ऑगस्टला ‘वर्ल्ड’ने एक लाख डॉलरचा टप्पा ओलांडल्याचे जाहीर केले. पाच महिने पुरेसे झाले होते. पुलित्झर यांचा यात स्वार्थ नव्हता असे नाही. वर्तमानपत्राचा खप या मोहिमेने चांगलाच वाढला. पण त्यांनी घेतले ते वाचकांना काही देऊन घेतले, आणि एकेका नावाचा शब्द पाळला. मोहिमेचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

२२ एप्रिल १८८६ रोजी चौथऱ्याचा शेवटचा दगड बसवताना गवंड्यांनी आपल्या खिशांतली चांदीची नाणी चुन्यात टाकली. ज्यांना मजुरी मिळाली त्यांनीच वर्गणी टाकली, असा हा क्षण. त्यानंतर सांगाडा उभारून पत्रे चढवण्यात आले. बाहेरून परांची बांधणे शक्य नसल्याने कामगार दोरांना लटकून रिव्हेट ठोकत होते. २८ ऑक्टोबर १८८६ रोजी पावसाळी, धुक्याच्या हवेत अनावरण झाले. अध्यक्षस्थानी होते ग्रोव्हर क्लीव्हलंड. ज्यांनी गव्हर्नर म्हणून ५०,००० डॉलर नाकारले होते, त्यांनीच आता राष्ट्राध्यक्ष म्हणून पुतळा स्वीकारला.

लोकांच्या पैशाने उभे राहिलेले शिल्प सगळ्या लोकांचे होतेच असे नाही, हेही त्या दिवशी दिसले. स्वातंत्र्य स्त्रीरूपात उभे होते, पण बेटावरच्या समारंभात स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. न्यूयॉर्कच्या मताधिकारवादी स्त्रियांनी भाड्याने बोट घेऊन बेटाभोवती फेरी मारली आणि निषेध नोंदवला. देशभरातल्या स्त्रियांना मताधिकार देणारी घटनादुरुस्ती व्हायला १९२० साल उजाडले. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांना निर्भयपणे जगता येत नाही तोवर ही मशाल पेटवू नये, असे ‘क्लीव्हलंड गॅझेट’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने लिहिले. पुतळ्याच्या पायाशी तुटलेली साखळी आहे. तिची आठवण करून देण्याचा हक्क त्यांना होताच.

वर्तमानपत्र आणि लहान वर्गणीदार यांची ही जोडी भारतातही जमली. १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून रायगडावरील शिवसमाधीच्या दुरवस्थेकडे लक्ष वेधून स्मारकासाठी निधीचे आवाहन केले, आणि पुढच्या वर्षी गडावर उत्सव झाला. कन्याकुमारीच्या विवेकानंद शिलास्मारकाची कथा तर मोठ्या प्रमाणावरची. अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे एकनाथजी रानडे यांनी १९६३ नंतर ते काम हाती घेतले. खडकावर स्मारक बांधायला परवानगी मिळत नव्हती, तेव्हा त्यांनी ३२३ खासदारांच्या सह्या मिळवल्या. जागेचा प्रश्न असा सुटल्यावर राज्याराज्यांतून एक, दोन, पाच रुपयांची वर्गणी गोळा झाली आणि २ सप्टेंबर १९७० रोजी स्मारकाचे उद्घाटन झाले.

इंटरनेटमुळे अशी वर्गणी मागणे फार सोपे झाले. नेदरलंड्समधल्या रॉटरडॅम शहरात रेल्वेमार्ग आणि मोठ्या रस्त्यांनी तुटलेले भाग जोडण्यासाठी ‘लुख्तसिंगेल’ नावाचा पिवळा लाकडी पादचारी पूल उभारायचे ठरले. २५ युरो देणाऱ्याचे नाव पुलाच्या एका फळीवर कोरले जाई. एवढ्याने सगळा खर्च भागणार नव्हता. पण २०१२ मध्ये नागरिकांच्या मतदानातून निवडलेल्या उपक्रमासाठी शहराने निधी ठेवला, तेव्हा हा पूल निवडला गेला. आधी मिळालेल्या वर्गणीने लोकांची इच्छा सिद्ध केली होती, आणि तिच्या आधारे सार्वजनिक पैसा आला. लोकवर्गणीचा हा उपयोग फार महत्त्वाचा आहे.

अडचणीही नव्याने दिसल्या. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात चित्रपटातल्या ‘रोबोकॉप’चा पुतळा उभारण्यासाठी २०११ मध्ये काही आठवड्यांतच ६०,००० डॉलरहून जास्त रक्कम जमली. देणारे २,७०० हून अधिक होते. पण जागा ठरली नव्हती. कांस्य पुतळा घडला तरी त्याला ठेवून घेणारे कोणी मिळेना, आणि तो जागेवर उभा राहायला २०२५ च्या अखेरीची वाट पाहावी लागली. लंडनच्या न्यूइंग्टन ग्रीनमध्ये स्त्रीहक्कांच्या आद्य पुरस्कर्त्या मेरी वुलस्टनक्राफ्ट यांच्यासाठी दहा वर्षे खपून १,४३,००० पौंड जमवले गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये मॅगी हॅम्बलिंग यांचे शिल्प उघडले, तेव्हा वरची छोटी नग्न आकृती पाहून अनेकांना धक्का बसला. कलावंताला मोकळीक हवीच. वर्गणीदारांचे बहुमत घेऊन शिल्प घडत नाही. मात्र आराखडा पैसे मागण्याच्या वेळीच लोकांसमोर ठेवणे हे मोकळीक काढून घेणे नव्हे.

महाराष्ट्रात असे काम करू पाहणाऱ्यांना जागेचा नियम आणखी काटेकोर आहे. सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकोपयोगी जागांवर नवे पुतळे उभारायला परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये दिला. पुतळ्यासाठी जिल्हा प्रशासनाची मंजुरी लागते आणि त्याची मातीची प्रतिकृती कला संचालनालयाकडून संमत करून घ्यावी लागते. वर्गणी गोळा करणारी संस्था नोंदणीकृत असणे आणि तिचे हिशेब तपासलेले असणे हेही ओघाने आलेच.

शेवटचा मुद्दा देखभालीचा. वर्गणी मागताना तो बहुधा कोणी काढत नाही. लिबर्टीच्या पुतळ्यात तांबे आणि लोखंड एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये घातलेला थर काळाच्या ओघात निकामी झाला. खाऱ्या, दमट हवेत दोन धातूंमध्ये विद्युत्-रासायनिक क्रिया होऊन लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या. मशाल गळू लागली. १९८२ मध्ये दुरुस्तीसाठी प्रतिष्ठान स्थापन झाले. उद्योगपती ली आयकोका यांच्या पुढाकाराने पुन्हा लोकांकडून पैसे जमवले गेले. १९८४ ते १९८६ या काळात लोखंडी पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवल्या आणि मशाल नवी केली. जुनी मशाल आता बेटावरच्या, २०१९ मध्ये उघडलेल्या संग्रहालयात आहे. शंभर वर्षांनी लोक पुन्हा वर्गणी द्यायला तयार झाले.

गावातल्या चौकात, शाळेच्या आवारात किंवा नदीकाठी शिल्प उभारण्यासाठी कोणी वर्गणी मागायला आले, तर पावती घेण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: जागा कोणाची आणि लेखी परवानगी आहे का, चौथऱ्यासकट आणि देखभालीसकट अंदाजपत्रक कुठे पाहायला मिळेल, आणि जमाखर्च दर आठवड्याला कुठे लावला जाईल. उत्तरे मिळाली, तर रक्कम कितीही लहान असली तरी जरूर द्यावी.